शेपूट सुटल्यावर : सर्पवलयाच्या प्रतिमेचा तौलनिक विचार

आपलेच शेपूट मुखात धरून वर्तुळ पूर्ण करणारा सर्प ही प्रतिमा तौलनिक मिथकविचारात इतकी रुळली आहे की, तिच्या अर्थाविषयी प्रश्न उपस्थित करणेच अनावश्यक वाटावे. ग्रीक भाषेत तिला 'उरोबोरोस' म्हणजे पुच्छभक्षक असे नाव आहे. प्रतीककोशांतून तिचा अर्थ जवळपास ठरून गेलेला असतो : अनंतता, चक्राकार काल, आदि आणि अंत यांचे ऐक्य. या अर्थाच्या सूत्रात मग इजिप्तच्या थडग्यातील सर्प, उत्तर युरोपातील समुद्रसर्प, पश्चिम आफ्रिकेतील इंद्रधनुसर्प, विष्णूची शेषशय्या आणि हठयोगातील कुंडलिनी असे मणी ओवले जातात. माळ देखणी होते यात शंका नाही. मात्र ती ओवताना पाहिली जाते ती केवळ आकृती. चित्रातला सर्प स्थिर असतो. कथेतला आणि साधनेतला सर्प काही करतो, त्याच्याकडून काही अपेक्षिले जाते, त्याच्या हालचालीची कोणाला भीती तर कोणाला आस लागलेली असते. म्हणून आकृतीच्या साम्याआधी एक साधा प्रश्न विचारून पाहणे उपयुक्त ठरते. या सर्पाच्या तोंडातून शेपूट सुटले, तर काय होते?

उपलब्ध नमुन्यांपैकी अतिप्राचीन आणि निःसंदिग्ध नमुना इजिप्तमधील आहे. इ. स. पूर्व चौदाव्या शतकात राज्य करणाऱ्या तुतनखामेनचे थडगे १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांनी उजेडात आणले. तेथील सोनेरी पत्र्याने मढविलेल्या दुसऱ्या देवघरावर एक उभी ममीसदृश आकृती कोरलेली आहे. तिच्या मस्तकाभोवती एक आणि पायांभोवती एक असे दोन सर्प आहेत आणि दोघांनीही आपापले शेपूट तोंडात धरले आहे. सूर्यदेव रे आणि मृतांचा देव ओसायरिस यांचे रात्रीच्या गर्भात होणारे मीलन या आकृतीने सूचित होते, असे अभ्यासक मानतात. मस्तकाभोवतीच्या सर्पाचे नाव मेहेन, म्हणजे 'वेढणारा'. पाताळातून होणाऱ्या सूर्याच्या रात्रप्रवासाचे बारा प्रहर वर्णन करणाऱ्या 'आमदुआत' या ग्रंथातही मेहेन सूर्यदेवाला आपल्या वेढ्यात सांभाळतो. त्याच प्रवासात अपेप नावाचा दुसरा सर्प सूर्याला गिळू पाहतो. सर्प एकच, पण एक रक्षक आणि एक भक्षक. इजिप्तच्या कल्पनेने या दोहोंची गल्लत कधी केली नाही. बाराव्या प्रहरी तर सूर्याची नौका एका प्रचंड सर्पाच्या शरीरातून ओढत नेली जाते. ती शेपटाकडून आत शिरते आणि मुखातून बाहेर पडते; आत जाताना जीर्ण असलेले देव बाहेर येताना तरुण झालेले असतात. गिळण्याच्या क्रियेची दिशाच येथे उलटी केलेली आहे. या सर्पाचे वलय नाही. तो सरळ पसरलेला मार्ग आहे, आणि पुनर्जन्म या सरळ सर्पातून घडतो. वलयाकृती मेहेनकडे काम आहे ते राखणीचे. पहाट झाली की त्या राखणीचे प्रयोजन संपते. इजिप्तमधील सर्पवलयाला 'अनंतता' म्हणण्यापेक्षा 'रात्रीपुरते अभय' म्हणणे अधिक नेमके होईल.

अनंततेचा अर्थ या आकृतीला चिकटला तो बराच नंतर, आणि इजिप्तकडे बाहेरून पाहणाऱ्यांच्या डोळ्यांतून. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील होरापोलोच्या नावावर असलेल्या चित्रलिपीविषयक ग्रंथात, विश्व दाखवायचे असल्यास इजिप्ती लोक शेपूट गिळणारा सर्प काढतात, असे स्पष्टीकरण आहे. सर्पाचे खवले म्हणजे आकाशातील तारे आणि दरवर्षी टाकली जाणारी कात म्हणजे वर्षाचे जुने होणे, अशी रूपकाची जुळणीही तेथे केलेली आढळते. या ग्रंथाची हस्तलिखित प्रत १४१९ मध्ये आंद्रोस बेटावर मिळाली, १५०५ मध्ये तो व्हेनिसमध्ये छापला गेला आणि प्रबोधनकालीन युरोपने तोच इजिप्तचा प्रमाण आवाज मानला. चित्रलिपी प्रत्यक्ष वाचता येण्यास तेव्हा आणखी तीन शतके अवकाश होता. किमयागारांच्या परंपरेतील प्रसिद्ध चित्र व्हेनिसच्याच मार्चियाना ग्रंथालयातील एका ग्रीक हस्तलिखितात आहे. हस्तलिखित दहाव्या-अकराव्या शतकांतील, पण त्यातला मजकूर क्लिओपात्रा नावाच्या प्राचीन किमयासाधिकेचा म्हणून सांगितला जातो. अर्धा काळा आणि अर्धा उजळ असा सर्प, आणि त्याच्या वलयात 'सर्व एकच आहे' या अर्थाचे तीन शब्द. येथे शेपूट सुटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. द्रव्य विरघळते, घट्ट होते, पुन्हा विरघळते. बाहेरचे काही आत येत नाही आणि आतले काही बाहेर जात नाही. प्लेटोच्या 'तिमायस' या संवादात विश्वाचे असेच वर्णन आहे : ते गोल आहे, त्याला डोळे, कान वा हातपाय नाहीत आणि आपल्याच झिजेवर ते पोसले जाते. गंमत अशी की, या वर्णनात सर्पाचा उल्लेखही नाही. तरीही ते उरोबोरोसचे आद्य वर्णन म्हणून वारंवार सांगितले जाते, ते केवळ पूर्णतेची ग्रीक संकल्पना आणि वलयाची आकृती एकमेकींत चपखल बसतात म्हणून.

या पूर्णतेच्या शेजारी उत्तर युरोपातील सर्प ठेवला की चित्र पालटते. आइसलंडचा स्नोरी स्तुर्लुसोन याने १२२० च्या सुमारास रचलेल्या गद्य 'एड्डा'त मिडगार्डसर्पाची कथा येते. ओडिनने त्याला मानवलोकाभोवतीच्या समुद्रात फेकले. तेथे तो वाढत गेला आणि अखेर सर्व भूमीला वेढून आपले शेपूट चावीत पडून राहिला. एका प्रसंगी थोर या बलाढ्य देवाला एक मांजर उचलून दाखविण्याचे आव्हान दिले जाते. सारे बळ पणाला लावूनही मांजराचा एकच पाय जमिनीवरून सुटतो. थोर ओशाळतो; मात्र पाहणारे भयाने पांढरे पडलेले असतात, कारण ते मांजर म्हणजे मायेने रूप पालटलेला मिडगार्डसर्प असतो आणि क्षणभर त्याचे डोके व शेपूट जमिनीला जेमतेम टेकलेले असते. विनोदी वाटणाऱ्या या प्रसंगात प्रतिमेचा सारा अर्थ साठलेला आहे. सर्पाचे वलय म्हणजे जगाचा काठ. तो काठ धरून ठेवणारा सर्प देवांचा मित्र नाही. त्याच्या वैरावरच जगाचे कुंपण उभे आहे. रागनारोकच्या वेळी तो समुद्र सोडून भूमीवर चालून येतो आणि पाणी काठ ओलांडते. थोर त्याला मारतो, नऊ पावले मागे जातो आणि त्याच्या विषाने कोसळतो. शेपूट सुटणे म्हणजे येथे सृष्टीचा शेवट. स्वीडनमधील आल्टुना येथील रून-शिलेवर थोर या सर्पाला गळाला लावीत असल्याचे दृश्य कोरलेले आहे आणि त्याचा पाय नावेच्या तळातून आरपार गेलेला दाखविला आहे. काठ ओढू पाहणाऱ्याच्या पायाखालचा आधार आधी फुटतो, हे त्या शिल्पकाराने शब्दांवाचून सांगितले आहे.

पश्चिम आफ्रिकेतील दाहोमे, म्हणजे आजचे बेनिन, येथील फॉन लोकांची कथा याच्या नेमकी उलट जाते. मेल्विल हर्स्कोवित्स यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दाहोमेविषयक ग्रंथामुळे ती अभ्यासकांना परिचित झाली. आयदो-ह्वेदो हा सर्प सृष्टिनिर्मितीच्या वेळी निर्मात्या देवतेचे वाहन होता. निर्मिती संपल्यावर पृथ्वीचा भार फार झाल्याचे दिसून आले, तेव्हा तो तिच्याखाली वेटोळे घालून आधार झाला. त्याला उष्णता सोसत नाही म्हणून समुद्राचा गारवा देण्यात आला. समुद्रातील तांबडी माकडे लोखंड घडवून त्याला खाऊ घालतात. ज्या दिवशी लोखंड संपेल, त्या दिवशी भुकेने तो आपलेच शेपूट खाऊ लागेल आणि पृथ्वी समुद्रात घसरेल. आबोमे येथील राजवाड्यांच्या भिंतींवर पुच्छभक्षक सर्पाची उठावशिल्पे आहेत. त्यांकडे 'शाश्वततेचे प्रतीक' म्हणून पाहणाऱ्याला ही कथा ठाऊक नसावी. उत्तर युरोपात शेपूट सोडणे हा प्रलय. दाहोमेत शेपूट धरून खाणे हा प्रलय. आकृती तीच आणि भय परस्परविरुद्ध. आकृतीवरून अर्थ काढण्याच्या पद्धतीला याहून मोठा धक्का क्वचितच बसू शकेल.

सर्पाने वेढलेल्या वर्तुळांची अन्य उदाहरणे येथे धावत्या उल्लेखाने आटोपता येतील. १७९० मध्ये मेक्सिको शहरात सापडलेल्या अझ्टेक सूर्यशिलेच्या कडेने दोन अग्निसर्प फिरतात. त्यांची शेपटे वर आणि मुखे खाली समोरासमोर येतात. कोणीही कोणाचे शेपूट गिळत नाही. ईशान्य चीनमधील होंगशान संस्कृतीची हिरव्या जेड पाषाणाची वळलेली प्राणिरूपे उरोबोरोसची भावंडे म्हणून दाखविली जातात, परंतु त्यांतील बऱ्याच रूपांत मुख आणि शेपूट यांच्यामध्ये फट ठेवलेली असते. त्या फटीकडे काणाडोळा केल्याशिवाय ती माळेत ओवता येत नाहीत.

ही माळ ओवली गेली कशी, हेही पाहणे अगत्याचे आहे. १८७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटीची स्थापना झाली. तिच्या मुद्रेत शेपूट चावणारा सर्प, परस्परांत गुंफलेले दोन त्रिकोण, इजिप्तचा आंख आणि स्वस्तिक ही चिन्हे एकत्र आली. सत्याहून श्रेष्ठ धर्म नाही, या आशयाचे संस्कृत बोधवाक्य काशीनरेशांच्या घराण्याकडून स्वीकारले गेले. संस्थापक १८७९ मध्ये मुंबईत उतरले, १८८२ मध्ये मुख्य ठाणे मद्रासजवळच्या अड्यारला गेले आणि ही मुद्रा असंख्य ग्रंथांच्या मुखपृष्ठांवरून भारतभर पोहोचली. किमयागारांचे वलय आणि संस्कृत वाक्य यांचे सान्निध्य त्यामुळे डोळ्यांच्या इतके सवयीचे झाले की, ते वलय मूळचेच भारतीय वाटू लागावे. जॉन वुडरॉफ यांनी 'आर्थर अॅव्हलॉन' या नावाने १९१९ मध्ये सिद्ध केलेल्या ग्रंथात पूर्णानंदांच्या 'षट्चक्रनिरूपण' या १५७७ मधील कृतीचा अनुवाद होता. त्या ग्रंथाच्या आधारे कार्ल युंग यांनी १९३२ मध्ये झुरिचमध्ये कुंडलिनीयोगावर व्याख्याने दिली. युंग यांचे शिष्य एरिक नॉयमान यांनी १९४९ मध्ये तर उरोबोरोस ही मानवी जाणिवेची पहिली अवस्थाच ठरविली : 'मी' जन्मण्यापूर्वीची, मातेपासून वेगळे न झालेली, स्वतःतच मिटलेली. नॉयमान यांचे वलय फुटावेच लागते. किमयागारांच्या पूर्णतेचा त्यांनी असा बाल्यावस्थेशी मेळ घातला, यात मोठा अर्थबदल आहे. परंतु नाव तेच राहिल्याने तो सहसा लक्षात येत नाही. बेन्झीनच्या वलयाकृती रचनेची कल्पना शेपूट धरणाऱ्या सर्पाच्या स्वप्नातून सुचल्याचे केकुले यांनी १८९० मध्ये बर्लिनच्या समारंभात सांगितले. ती कथाही या प्रतिमेच्या सार्वत्रिकतेचा पुरावा म्हणून वापरली जाते. मूळ संशोधन १८६५ चे आणि स्वप्नाची हकिकत पंचवीस वर्षांनंतरची, एवढे तरी त्या वेळी ध्यानात ठेवावे.

भारतीय सर्पांकडे वळताना मराठीतील शब्दच वाट दाखवितात. 'कडे' आणि 'वलय' हे बंद असतात. 'वेटोळे' सर्प स्वतःचे स्वतःशी घालतो; ते विसाव्याचे असते आणि हवे तेव्हा उलगडते. 'विळखा' दुसऱ्याला पडतो आणि आवळत जातो. मेहेनचा वेढा, मिडगार्डसर्पाचे कडे आणि शेषाचे वेटोळे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मराठी वाचकाला सांगावे लागू नये. तथापि प्रतीककोशांची भाषा एकदा स्वीकारली की, आपल्या भाषेने केलेला हा भेद आपणच विसरतो.

विष्णूच्या शेषाला 'अनंत' असे नाव असल्यामुळे त्याला उरोबोरोसच्या पंक्तीला बसविण्याचा मोह होतो. देवगडच्या दशावतार मंदिरातील गुप्तकालीन शेषशायी शिल्पपट पाहिला तर वेटोळी थरावर थर रचलेली आणि फणा वर उभारलेला दिसतो. शेपूट मुखापासून दूर आहे. त्याहून महत्त्वाचे आहे ते त्याचे दुसरे नाव. शेष म्हणजे बाकी. प्रलयात सारे लयाला गेल्यावर जे उरते ते शेष, आणि त्या उरलेल्यावर पुढच्या सृष्टीचा स्वप्नद्रष्टा निजतो. किमयागारांच्या वलयात बाकी राहूच शकत नाही, कारण तेथे आत-बाहेर असे काही नाही. वलयाचा हिशेब शून्यावर मिटतो. भारतीय कल्पनेतील सर्प म्हणजे त्या न मिटलेल्या हिशेबाचेच नाव आहे. बुद्धचरित्रातील मुचलिंद नागाची कथा मात्र इजिप्तच्या मेहेनशी खरोखर जुळते. अवकाळी वादळात तो ध्यानस्थ बुद्धाच्या देहाला सात वेढे घालून मस्तकावर फणा धरतो, आणि सात दिवसांनी आकाश निवळल्यावर वेढे सोडून, तरुणाचे रूप घेऊन, हात जोडून उभा राहतो. संबंध ऐतिहासिक आहे असे म्हणण्यास आधार नाही. पण दोन्हीकडे वेढा आश्रितासाठी आहे आणि काम सरताच सुटणारा आहे, एवढे साम्य कथेतूनच सिद्ध होते.

याहून जुना आणि वेगळ्या प्रकृतीचा सर्प ऋग्वेदातील वृत्र होय. 'वृ' म्हणजे झाकणे, अडविणे, या धातूशी त्याच्या नावाचा संबंध जोडला जातो. तो जलांना कोंडून पडलेला आहे, आणि इंद्राने त्याला मारताच पाणी धावत सुटते. येथे वेढा हा अडथळा आहे आणि सुटका हीच सृष्टी. वृत्र आणि कुंडलिनी यांच्यात सरळ वंशपरंपरा दाखविणे धाडसाचे ठरेल. मात्र दाराशी पडून राहिलेला सर्प आणि त्यामुळे अडलेला प्रवाह ही कल्पना हठयोगाच्या ग्रंथांत पुन्हा मध्यवर्ती झालेली दिसते, हे नोंदविण्यासारखे आहे.

कुंडलिनीच्या वेटोळ्यांची संख्या सर्वत्र एक नाही. गोरक्षनाथांच्या नावावर असलेल्या 'विवेकमार्तंडा'च्या परंपरेत ती आठ आहेत; पुढे साडेतीन हीच संख्या रूढ झाली. 'षट्चक्रनिरूपणा'त आणि स्वात्मारामाच्या 'हठप्रदीपिके'त ती ब्रह्मद्वार मुखाने झाकून निजली आहे. किल्लीने दार उघडावे तसे योग्याने तिच्याद्वारे मोक्षाचे दार उघडावे, असा दृष्टान्त हठप्रदीपिका देते आणि हीच शक्ती अज्ञांना बंधनाचे व योग्यांना मोक्षाचे कारण होते, असेही सांगते. आतापर्यंतच्या विवेचनावरून भारतीय परंपरेत पुच्छग्राही सर्प नाहीच, असा निष्कर्ष कोणी काढू पाहील, तर तो चुकीचा ठरेल. 'शिवसंहिते'च्या पाचव्या पटलात साडेतीन वेटोळ्यांची कुंडलिनी आपले शेपूट मुखात घालून सुषुम्नेच्या विवरात राहिल्याचे स्पष्ट वर्णन आहे. योगकुंडलिनी उपनिषदातही तिने मुखाने शेपूट धरल्याचे म्हटले आहे. आकृतीपुरता विचार केला तर हा उरोबोरोसच होय, आणि माळ ओवणाऱ्यांनी या स्थळांचा आधार घेतला असता तर त्यांची बाजू पुष्कळ बळकट झाली असती. परंतु प्रश्न पुन्हा तोच : हे शेपूट सुटले तर काय होते? हठयोगाचे उत्तर असे की, ते सुटावे यासाठीच सारी साधना आहे. बंद वलय ही येथे निद्रा आहे, कुलूप आहे. किमयागार ज्या आकृतीला सिद्धी म्हणतो, तिला योगी आरंभीची बद्धावस्था म्हणतो. नॉयमान योग्याच्या जवळ येतात ते वलय फोडण्यापुरतेच. वलय फुटल्यावर त्यांच्या मानवाला 'मी' गवसतो. योग्याला तो हरवायचा असतो.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील कुंडलिनीवर्णन या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचण्याजोगे आहे. शके १२१२ मधील ही रचना हठप्रदीपिकेच्या आधीची आहे. कुंकवाने न्हालेले नागाचे पिल्लू वळण घेऊन निजावे, तशी ही सर्पिणी साडेतीन वळणांनी, खाली मुख करून झोपली आहे. त्या ओव्यांत मुखाने शेपूट धरल्याची कल्पना नाही. ज्ञानेश्वरांना आकृतीपेक्षा तिची भूक अधिक महत्त्वाची वाटते. आसनाच्या दाबाने ती जागी होते, वेटोळे सोडते आणि खात सुटते. हृदयाखालचे मांस, सप्तधातू, देहातील पृथ्वी आणि जल असे घास घेत ती साधकाचे शरीर रिते करते. पुच्छभक्षक सर्प स्वतःला खातो. ही आपल्या यजमानाला खाते. तृप्त झाल्यावर ती शांत होते, वरून अमृत झिरपते आणि साधकाची जुनी त्वचा कोंड्यासारखी गळून नवी कांती उमटते. कात टाकणे ही सर्पाची क्रिया. ज्ञानेश्वरांनी ती सर्पिणीकडून काढून योग्याच्या देहाला दिली आहे. होरापोलोच्या सर्पाची कात कालगणनेचे साधन होती, एक वर्ष सरल्याची खूण. पुढच्या वर्षी ती पुन्हा पडणारच. ज्ञानेश्वरीतील त्वचा एकदाच गळते.

या वर्णनाच्या ओघातच ज्ञानेश्वर एक सूत्र सांगतात : पिंडाने पिंडाचा ग्रास घ्यावा, हा नाथसंप्रदायाचा गूढ संकेत आहे. त्या संकेताच्या मर्मासाठी त्यांनी वापरलेला शब्द 'दंश' असा आहे. स्वतःनेच स्वतःला खाणे ही उरोबोरोसची गाभ्याची कल्पना मराठीत अशा रीतीने आली आहे, पण ती वलयाच्या चित्रावाचून आली आहे. येथे घास घेणारा पिंड आणि घास होणारा पिंड यांच्यात एक घडामोड होते : देह भूतांच्या क्रमाने विरत जातो आणि घास संपल्यावर मागे वर्तुळ उरत नाही. जागी होऊन वर चढलेली कुंडलिनी पुढे आपले नावही सोडते. तिला मारुत, म्हणजे वायू, म्हटले जाते आणि शिवाशी मिळेपर्यंत तिचे शक्तिपण तेवढे टिकते. प्रतीककोशातील नोंद मात्र साडेतीन वळणे घेऊन निजलेल्या पिल्लापाशीच थांबते.